देवाआधीचा गुलाब

माघ सरत आला की तंजावूरहून ओरत्तनाडूला जाणारी आमची बस निम्माच रस्ता वापरते. उरलेल्या निम्म्यावर भात वाळत घातलेलं असतं. ड्रायव्हर तोंडाने शिव्या देतो, पण एका दाण्यावर चाक जाऊ देत नाही. मी खिडकीशी बसते आणि हजेरी घेते. मुलींची नव्हे, वासांची. आधी पेंढ्याचा वास, ओलसर, जरा आंबूस. मग गिरणीत उकडत असलेल्या भाताचा, जो नव्या माणसाला नकोसा वाटतो आणि आम्हाला गाव जवळ आल्यासारखा. मग कालव्यातला चिखल, मग पुलाजवळच्या टपरीवरची केळ्याची बज्जी. यातला एखादा गैरहजर असला की मी खिडकीबाहेर डोकं काढून पुन्हा श्वास घेते. वारा उलटा असेल, गिरणी आज बंद असेल, असं मी मनाला समजावत बसते आणि तेवढ्यात माझा थांबा येतो.

मी तिथल्या मुलींच्या शाळेत बारावीला रसायनशास्त्र शिकवते. सुगीचा हंगाम तोच आमचा प्रॅक्टिकल परीक्षेचा. प्रयोगशाळेच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात तर भाताचा भुसा आत येतो, बंद ठेवाव्यात तर मुली खोकतात. या दिवसांत माझा जीव थाऱ्यावर नसतो. सहकारी चेष्टा करतात, मिस नळ बंद करतात, मग बंद केलेला नळ बंद आहे का बघतात, आणि मग आपण बघितलं का ते कुणाला तरी विचारतात. चेष्टा खरी आहे. पण मी अशी जन्मापासून नव्हते. एका सुगीने मला असं केलं.

हे मी देवनागरीत लिहिते आहे, तेही एक नवल. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलली जाते, पण लिहायला-वाचायला तमिळ. देवनागरी माझ्या हाताला लागली ती पुण्याच्या वसतिगृहात, एम.एस्सी. करताना. आईला ती आजही वाचता येत नाही. म्हणजे हे ती वाचणार नाही. आधी याचं वाईट वाटायचं, आता जरा सुटल्यासारखं वाटतं.

त्या वर्षी मार्गळी महिन्यात, म्हणजे मार्गशीर्ष-पौषात, मला ताप आला. मोठी साथ ओसरली होती, पण मागे राहिलेले ताप अजून घरोघर फिरत होते. ताप उतरला त्या सकाळी आईने कॉफी आणून दिली. मी घोट घेतला आणि म्हटलं, "आई, डिकॉक्शन घालायला विसरलीस."

"विसरलें?" आई पेल्यात डोकावली. "रंग बघ की तिचा. हें काय नुस्तं दूध आहे?"

रंग बरोबर होता. मी पेला तसाच धरून स्वयंपाकघरात गेले आणि एकेक डबा उघडू लागले. हिंग, मेथी, सांबारपूड, नारळाच्या तेलाची बाटली. पुन्हा हिंग. शेवटी काडेपेटीतली काडी ओढून विझवली आणि तिचा धूर नाकाशी धरला. नाकाला चुरचुरलं, पण वास असा काही नव्हताच. आई दारात उभी राहून बघत होती. "काय हुडकालीस गे?" तिने विचारलं. मी पुढची काडी ओढली.

दुसऱ्या कुठल्या विषयाची शिक्षिका असते तर एवढी घाबरले नसते, असं आजही वाटतं. इतिहास नाकाशिवाय शिकवता येतो. रसायनशास्त्र मात्र नाकाच्या भरवशावर वाढलेलं शास्त्र आहे. कुठलंही जाडजूड संदर्भपुस्तक उघडा. पदार्थाचं नाव, रंग, द्रवणांक आणि त्याच ओळीत वास. उग्र. गुदमरवणारा. कुजक्या अंड्यासारखा. माझ्या आधीच्या कितीतरी माणसांनी नाक पुढे करून ते शब्द मिळवलेत आणि मी ते फळ्यावर लिहून देत होते. मुलींना शिकवायचे, परीक्षानळी नाकाखाली धरायची नाही, हाताने हलकेच वारा आपल्याकडे ओढायचा, पाहुण्याला आत बोलावल्यासारखा. त्या हंगामात मी हात हलवून दाखवत होते आणि आत कुणी येत नव्हतं.

त्यातल्या एका वायूची मला जुनी भीती. सल्फाइडचा क्षार आम्लात टाकला की हायड्रोजन सल्फाइड निघतो, तोच कुजक्या अंड्याचा वास. थोडा असला की नाकाला लगेच कळतो. फार झाला की नाकच बधिर होतं, वास थांबतो, आणि माणसाला वाटतं, गेला वायू. वास येत नाही म्हणजे धोका नाही, असं नाही, हे वाक्य मी दर वर्षी वर्गात म्हणते. त्या वर्षी ते म्हणताना माझा आवाज बदलला असावा, कारण पहिल्या टेबलावरच्या मुलींनी लिहायचं थांबवून माझ्याकडे पाहिलं.

तापानंतर मी शाळेत परत गेले त्याच दिवशी हेडमिस्ट्रेसना जाऊन वास गेल्याचं सांगितलं होतं. त्यांनी आधी मास्क नाकावर ओढला, मग विचारलं, "डोळे ठीक आहेत ना?"

"ठीक आहेत."

"कान?"

"तेही."

"मग दोन जमेला आहेत. परीक्षा आपली आपण घ्यायची आहे, आणि दुसऱ्या मिस बाळंतपणाच्या रजेवर. मुलींना सांगून टाका. त्यांना नाकं आहेत." बाई कठोर नव्हत्या. त्यांच्यापुढे खरंच दुसरा मार्ग नव्हता, आणि माझ्यापुढेही नव्हता.

मी मुलींना सांगितलं. त्यांनी ते भलत्याच उत्साहाने घेतलं. नाकाचं शक्य तेवढं काम मी डोळ्यांकडे दिलं. अमोनिया ओळखायचा तर ओला लाल लिटमस, निळा होतो. नाहीतर आम्लात बुडवलेली काचेची कांडी जवळ न्यायची, पांढरा दाट धूर उठतो. सल्फाइडसाठी लेड ॲसिटेटचा कागद, काळा पडतो. ते कागद ओले करून मी भिंतीवरही लावले आणि येताजाता त्यांच्याकडे बघत राहिले. पण बर्नरच्या गॅससाठी माझ्याकडे असा कागद नव्हता. त्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. आपल्याला येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा, माणसांना कळावं म्हणून. जगात एवढी एक गोष्ट कुणीतरी काळजीने वासाची करून ठेवली होती, आणि ती सगळ्यांपर्यंत पोचत होती, मी सोडून.

एका दुपारी ते झालंच. मी मधल्या टेबलाशी वाकून एका मुलीच्या परीक्षानळीत तळाशी बसलेला अवक्षेप बघत होते. पांढरा की फिकट पिवळा, यावर आमचा वाद चालला होता. मागून तमिळरसी नावाची मुलगी ओरडली, "मिस्! गॅस वासनै वरुदु!" गॅसचा वास येतोय. मी "बर्नर बंद!" म्हणत मुख्य कॉक फिरवला, मुलींना बाहेर काढलं, खिडक्या उघडल्या. सगळं निवल्यावर कॉक जरासा उघडून साबणाच्या पाण्याने नळी तपासत गेले. बुडबुडे आले ते माझ्याच टेबलाच्या जोडाला. मी तिथे कंबरेत वाकून उभी होते, नाक त्या जोडापासून हातभर. तमिळरसी दाराशी होती. तिला कळलं आणि मला नाही. व्हरांड्यात मुली हसत-खिदळत होत्या, एवढी सुट्टी मिळाली म्हणून. कॉक पुन्हा बंद करून मी आत स्टुलावर बसले आणि तो बंद आहे का ते बघत राहिले.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी एकच उपाय सांगितला होता. ओळखीचे वास रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचे, मन लावून. नाकाला पुन्हा शिकवायचं. हे मला पटण्यासारखं होतं, शिकवण्यावर माझा विश्वास आहे. मी शाळेतल्या काचेच्या बुचाच्या जुन्या बाटल्या धुऊन घरी आणल्या. एकीत कापूर, एकीत लवंग, आणि एकीत पन्नीर रोजा, आमच्याकडचा तो लहान गुलाबी गावठी गुलाब, ज्याची कुंडी आमच्या जिन्याशेजारी आहे. बाटल्या भरायचं काम आईने स्वतःकडे घेतलं. "तुझी परीक्षा, तूं शाळा बघ. हें मी बघतें."

काही दिवसांनी कापूर थंड लागला, लवंग टोचली. आई खूश झाली. मी झाले नाही. कापूर, लवंग, अमोनिया ही सगळी टोचणारी मंडळी. ती नाकातल्या कातडीला डिवचतात, नाक मेलेल्या माणसालाही ती कळतात. गुलाब तसा नाही. त्याच्या वासातला मुख्य अल्कोहोल टोचत नाही, चावत नाही, म्हणून वासाच्या तपासणीत तोच वापरतात. गुलाब कळला तर नाकच बोललं असं समजायचं. म्हणून मी सगळा जीव त्या बाटलीत घातला. रोज सकाळी बूच काढायचे, डोळे मिटायचे, आणि रोज तिथे रिकामी हवा असायची. हंगाम सरत आला, बसच्या वाटेवरचं भात पोत्यांत गेलं, परीक्षा तोंडावर आली आणि माझा गुलाब काही उगवेना. कुठेतरी वाचलं होतं की काहींचा वास परत येतच नाही. मी ते आईला सांगितलं नाही, पण पोळी तोडता तोडता माझा हात थांबायचा आणि ती बघायची.

इथे आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. आई स्वयंपाक करताना चव बघत नाही, कधीच बघितली नाही. नैवेद्य व्हायच्या आधी चाखणं तर सोडाच, पातेल्यावर वाकून वासही घ्यायचा नाही. मीठ हाताच्या अंदाजाने, चिंचेचं पाणी रंगाच्या. फुलांचंही तसंच. हुंगलेलं फूल देवाला चालत नाही. लहानपणी फुलांची टोपली माझ्या हातात दिली की आई म्हणायची, "तोंड तिकडे कर." मी मान वाकडी करून टोपली देवघरापर्यंत न्यायचे, आणि वास काय, तो तरीही यायचाच. तेव्हा वाटायचं, मी काही केलं नाही, तोच आला.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मला लवकर जाग आली. म्हणजे झोप लागलीच नव्हती म्हटलं तरी चालेल. आई न्हाऊन देवापुढे बसली होती. तिने तसबिरीवरचा कालचा गुलाब उतरवला, कडेच्या काळ्या पडलेल्या पाकळ्या खुडल्या, उरलेलं फूल माझ्या बाटलीत घातलं आणि बूच लावलं. मग परडीतला ताजा गुलाब काढून देवाला वाहिला.

मी दारातच उभी होते. "आई, रोज हेच फूल घालतेस?"

"होय. प्रसादाचं आहे. वाया कां घालवायचं?"

"अगं, काल सकाळपासून ते दिव्याच्या उबेला आहे. त्याला वास कुठे उरलाय?"

आईने बूच काढून बाटलीत पाहिलं. तिचा चेहरा हळूहळू उतरला. "मग काय करूं गे?" ती म्हणाली. "देवाच्या आधीं तुला हुंगायला देऊं?"

मला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडूही. तिचं काही चुकलं नव्हतं. तिने मला देवाचंच फूल दिलं होतं, फक्त देवानंतर. आणि मी! प्रयोग फसला म्हणून रडत येणाऱ्या प्रत्येक मुलीला मी आधी विचारते, रिएजंट ताजा आहे का बघितलास? स्वतःच्या नाकावर रोज ठपका ठेवत होते, पण बाटलीत काय आहे हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं. आईने भरली आहे, एवढं मला पुरलं होतं.

परीक्षेच्या सकाळी मी साडीच्या निऱ्या घालत होते तेव्हा आई आली. ओलेत्याने होती, हातात एक गुलाब, पूजा अजून व्हायची होती. "हुंग," ती म्हणाली.

"देवाचं?"

"त्याला मी सांगितलें आहे. हुंग लवकर, उशीर होतो."

मी नाक टेकवलं. आधी काही नाही. मग काहीतरी, अगदी पुसट, शेजारच्या घरातल्या बोलण्यासारखं, शब्द कळत नाहीत पण कुणीतरी आहे एवढं कळतं. गुलाबासारखं नव्हतंच ते. ओल्या पाटीसारखं होतं. पण टोचत नव्हतं, आणि होतं.

"आलं?" आईने विचारलं.

"काहीतरी आलं."

तिने माझ्या हातून फूल घेतलं, देवघरात गेली आणि ते हुंगलेलं फूल देवाच्या पायांवर ठेवलं. जन्मभराची रीत मोडताना तिचा हात थबकला असेल तर मला दिसला नाही. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. मी बस पकडली. परीक्षा सुरळीत पार पडली, कागद काळे व्हायचे तेव्हाच काळे झाले, तमिळरसीला अमोनियम क्लोराइड आलं आणि तिने ते नाकाने आधी आणि कागदाने मागून ओळखलं.

वास मग परत येत गेले, एकेक करून, काही वाकडे होऊन. कॉफीला बरेच दिवस जळक्या रबराचा वास यायचा. मी ती पीत राहिले, येतोय ना, एवढ्यावर. आज बहुतेक सगळे जागच्या जागी आहेत, म्हणूनच बसमध्ये मी हजेरी घेते. गेलेली गोष्ट परत मिळाली की माणूस निर्धास्त होतो असं म्हणतात. मी झाले नाही. एकदा जाऊ शकते हे कळलं की ती हातात असतानाही माणूस तिच्याकडे बघत राहतो.

या वर्षीही बस निम्म्या रस्त्याने चालते आहे. परवा शाळेतून आले, जिना चढले आणि दार उघडण्याआधीच मला कळलं. मर्कॅप्टन. कुजक्या कोबीसारखा, घट्ट. मी आत धावले. दूध उतू जाऊन शेगडीची ज्योत विझली होती, बटण चालूच होतं. आई तिथेच, शेगडीपासून हातभर अंतरावर, पाटावर बसून मुरुंगैची, म्हणजे शेवग्याची, पानं निवडत होती. शांत. मी बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, तिला धरून बाहेर गच्चीवर आणलं.

"काय झालं गे? अशी कां ओढतेस?"

"गॅस! तुला वास नाही आला?"

"कसला वास?" ती म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बघून तिने घाईघाईने जोडलं, "मी पानांकडे बघत होतें. ध्यान नव्हतं."

ध्यान नसेल. वय झालंय, सर्दी असेल, वारा खिडकीकडून असेल. बसमध्ये मी स्वतःला सांगते ती सगळी कारणं मी ओळीने तिच्यासाठीही मांडली. मग एकेक आठवू लागलं. सांबारात हिंग जास्त पडत होता. नारळाचं तेल खवट झालेलं तिने डोक्याला लावलं होतं. मीठ हाताच्या अंदाजाने, चिंच रंगाच्या. चव न बघता, वास न घेता जन्मभर स्वयंपाक केलेल्या बाईचं नाक कधी गेलं, हे कुणाला कळणार? तिला स्वतःलाही कळलं नसेल. ती जे काही करते त्यात नाकाला कधी विचारलंच नव्हतं.

आज सकाळी मी तिच्या आधी उठले. जिन्याशेजारच्या कुंडीतला एकच गुलाब उमलला होता, तो तोडला. आई न्हाऊन आली तशी तिच्यापुढे धरला. तिने मान वळवली, लहानपणी मला वळवायला लावायची तशी.

"देवाचं आहे तें."

"देवाला मी सांगितलंय. हुंग."

"मला कशाला?"

"माझ्यासाठी मोडली होतीस ना रीत?"

"ती तुझ्यासाठी मोडली," आई म्हणाली. "माझ्यासाठी कोण मोडतं गे?"

मी हात मागे घेतला नाही. शेवटी लहान मुलीसारखे डोळे मिटून तिने फुलावर नाक टेकवलं. चांगला लांब श्वास घेतला. पुन्हा एकदा घेतला. डोळे उघडून ती फुलाकडे बघू लागली, आणि मला वाईट वाटू नये अशा बेताने, हळूच म्हणाली, "काल्चं कां गे हें?"

फूल तोडताना माझ्या बोटाला काटा लागला होता, आणि त्याचं रक्त अजून वाळलंही नव्हतं.